हात मांडीवर ठेवा: जलरंगात निसर्गचित्र काढताना मन शांत व्हायचं असेल तर काय, कधी, कोणत्या क्रमाने

रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण इंदूरला कधी सिरपूर तलावावर, कधी पिपल्यापाल्याला, कधी बिलावलीला चित्र काढायला जातो. नवीन येणारे जवळपास सगळे एकच कारण सांगतात, डोक्याला जरा शांतता हवीय. आणि दोन तासांनी त्यातले निम्मे वैतागलेले असतात, कागद चिखल झालेला, झाडं कोबीसारखी, आणि मनात "मला जमतच नाही". आमच्यात येणाऱ्या लोकमान्य नगरच्या एक काकू पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "अगं, घरी पोळ्या लाटताना मी यापेक्षा शांत असते." खरं होतं त्यांचं. त्या दिवशी त्यांनी सगळं उलट्या क्रमाने केलं होतं आणि मीही त्यांना वेळेवर थांबवलं नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. जलरंगाचं चित्र बिघडतं ते अर्धवट ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थरात, परत परत हात घातल्यामुळे, आणि चित्र काढताना जीव कासावीस होतो तोही त्याच सवयीमुळे, थांबता येत नाही म्हणून. त्यामुळे खाली जो क्रम दिलाय त्यात थांबण्याच्या जागा मुद्दाम ठेवल्यात. त्या गाळल्यात तर बाकी सगळं करूनही उपयोग नाही. आणि हेही आधीच सांगते, महिनोन्महिने झोप लागत नसेल, कशातच जीव रमत नसेल तर आधी डॉक्टरला भेटा, चित्र सोबतीला असू द्या.

१. आदल्या रात्रीची तयारी

ही रात्रीच करायची, सकाळी नाही. सकाळी टेप शोधण्यात जो वीस मिनिटं चिडला तो तलावावर पोचेपर्यंत चिडलेलाच राहतो.

कागद: ३०० जीएसएम (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), शक्यतो कॉटनचा. शाळेच्या ड्रॉइंग बुकचा कागद पाण्याने फुगतो, त्याचे डोंगर-दऱ्या होतात, रंग खड्ड्यात साठतो, आणि माणूस समजतो की आपला हात वाईट. महाग वाटत असेल तर छोटा तुकडा घ्या, पण कागद चांगला घ्या. २२ बाय ३० इंचाच्या पूर्ण शीटचे आठ तुकडे केले की एक साधारण साडेसात बाय अकरा इंचाचा येतो, सुरुवातीला हाच साईज. मोठ्या कागदावर मन जास्त धावतं कारण भरायची जागा जास्त.

रंग: तीनच. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. पावसाळ्यात हिरवं खूप असतं तेव्हा एक लेमन यलो जास्त. बस. बारा ट्यूबांचा डबा घरी ठेवा, सोबत नेलात की हात जाणारच, आणि दर मिनिटाला "आता कोणता रंग घेऊ" हा प्रश्न डोक्यात घेऊन बसलात तर शांतता कुठून यायची. अल्ट्रामरीन आणि सिएनातून गरम राखाडी, थंड राखाडी, जवळजवळ काळा, सगळं मिळतं, आणि अल्ट्रामरीन व ऑकर मिळून आपल्या माळव्यातल्या बाभळीचा तो धुळकट हिरवा अगदी बरोबर येतो. ट्यूबमधला तयार सॅप ग्रीन नुसता लावला तर प्लॅस्टिकच्या झाडासारखा दिसतो.

ब्रश: गोल ८ नंबर, गोल १२ नंबर, एक इंची चपटा, आणि फांद्यांसाठी एक बारीक लांब केसांचा. बारीक ब्रश पिशवीच्या तळाशी. का ते पुढे कळेल.

बाकी: पाण्याला दोन डबे, एक धुवायला एक स्वच्छ. प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा बोर्ड, मास्किंग टेप, ४बी पेन्सिल, खोडरबर, जुनी सुती साडी फाडून केलेले फडके, स्प्रेची छोटी बाटली, फोल्डिंग स्टूल, टोपी, डासांचं मलम. पाणी घरूनच, आपल्या नळाचं नर्मदेचं लिटरभर भरून न्या. तलावाच्या पाण्यात गाळ असतो.

कागद रात्रीच बोर्डवर चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा.

सावधान: पोहे-जलेबी चित्र झाल्यावर. जाता जाता पोहे हाणून वर शेव, मग तोच हात कागदावर, असं फार होतं, आणि तेलाचं बोट जिथे लागलं तिथे वॉश बसत नाही, आकाशात पांढरे ठिपके उमटतात आणि लोक कागदाला दोष देतात.

२. जागा आणि वेळ

राजवाड्याला सुरुवात करू नका. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांनाही नाही. दोन्ही सुंदर, पण कमानी, नक्षी, खिडक्या, गाड्या, बघायला गोळा होणारी पोरं, हे सगळं एकदम अंगावर येतं. पहिले पाच-सहा वेळा तरी पाणी, आकाश आणि लांबची झाडी एवढंच असलेली जागा घ्या. सिरपूर त्यासाठी उत्तम, यशवंत सागर लांब पडतो पण आभाळ मोठं मिळतं, बिलावलीलाही पावसानंतर पाणी छान असतं.

वेळ सकाळची. डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात पावणेसहाच्या आसपास, त्याआधी अर्धा तास पोचायचं. संध्याकाळ सुंदर असते पण शेवटच्या अर्ध्या तासात उजेड इतका भरभर पळतो की नवीन माणूस घाबरून रंग फासत सुटतो.

बसताना सूर्य डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. पाठीशी घेतलात तर समोरचं सगळं सपाट दिसतं, सावल्याच नाहीत. तोंडावर घेतलात तर डोळे दुखतात. आणि कागदावर थेट ऊन नको, हे फार महत्त्वाचं. उन्हात कागद इतका लखलखतो की लावलेला रंग फिका वाटतो, मग आपण अजून गडद करतो, अजून गडद करतो, आणि घरी ट्यूबलाइटखाली बघितलं तर चित्र काळंकुट्ट. झाडाची सावली शोधा, नाहीतर बोर्डवर छत्री धरता येईल असं बसा.

एकट्याने जायचं असेल तर वर्दळ असलेल्या बाजूला बसा, बायकांनी शक्यतो दोघी-तिघींनी जा, पण एकमेकींपासून वीस पावलं लांब बसा आणि दीड तास बोलायचं नाही असं आधीच ठरवा. बरोबर यायचं आणि गप्प बसायचं, ही सोय आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात कामाला आली.

३. पहिली पंधरा मिनिटं, ब्रश पिशवीत

इथे सगळे चुकतात.

स्टूल मांडलं की लगेच पेन्सिल काढू नका. आधी फोन सायलेंटवर टाकून पिशवीत. फोटोही काढू नका, कारण फोटो काढला की डोळे कामावरून सुटतात, "आता आहे ना फोटोत" असं मन म्हणतं आणि बघणं थांबतं. हात मांडीवर. बघायचं.

नुसतं बघा म्हटलं तर दोन मिनिटांत कंटाळा येतो हे मला माहीत आहे, म्हणून काय बघायचं ते ठरवून देते. पहिली पाच मिनिटं फक्त आकाश: डोक्यावरचा निळा आणि झाडांच्या शेंड्यालगतचा निळा यात फरक केवढा आहे, ढगांच्या पोटाला कोणता रंग आहे. पुढची पाच मिनिटं डोळे बारीक करून, अगदी मिटत आणून, सगळं धूसर करून: सगळ्यात उजळ जागा कुठे, सगळ्यात गडद जागा कुठे, बाकीचे कोणकोणते तुकडे एकमेकांत मिसळून गेले. शेवटची पाच मिनिटं डोळे मिटून फक्त आवाज. टिटवी, लांबून धार रोडवरच्या ट्रकचा हॉर्न, कुणाचा तरी रेडिओ. ट्रकच्या आवाजावर चिडू नका, तोही मोजा आणि सोडून द्या.

या पंधरा मिनिटांत मनात घरचं सगळं येतं. गॅस बंद केला का, सासूबाईंची गोळी, ईएमआय. येऊ द्या. मन रिकामं करायचं हा प्रयत्नच करू नका, तो कधीच यशस्वी होत नाही आणि उलट ताण वाढतो. विचार आला की परत ढगाच्या पोटाचा रंग बघा, एवढंच.

तपासा: पंधरा मिनिटांनी स्वतःला विचारा, "मला इथे नेमकं काय आवडलं?" उत्तर एका वाक्यात यायला हवं. "पाण्यावरचा तो उजेडाचा पट्टा" हे उत्तर चालेल. "सगळंच छान आहे" हे उत्तर नाही, अजून पाच मिनिटं बसा.

४. काय घ्यायचं, काय सोडायचं

एका पोस्टकार्डाच्या मध्ये खिडकी कापा, कागदाच्याच प्रमाणात, साधारण दोन बाय तीन इंच. एक डोळा मिटून त्यातून बघा, जवळ-लांब करा. तुमच्या त्या एका वाक्यातली गोष्ट आत आली पाहिजे आणि बाकी जितकं बाहेर जाईल तितकं बरं. विजेचे खांब, पाटी, कठडा, हे समोर आहेत म्हणून काढायलाच हवेत असं नाही.

आता चित्रात शांतता दिसते कशामुळे ते सांगते, कारण लोकांना वाटतं ती आपोआप उतरते. बऱ्याचदा नाही उतरत, ती मांडावी लागते.

आडव्या रेषा शांत वाटतात, तिरक्या धावतात. तलावाचा काठ, शेताचा बांध, लांबच्या टेकडीची पाठ, या आडव्या ठेवा. कोपऱ्यातून तिरका घुसणारा रस्ता घेतलात की नजर त्यावरून पळत सुटते. क्षितिज बरोबर मध्ये नको, वर किंवा खाली सरकवा, म्हणजे आकाश आणि जमीन यांच्यात कोण मोठं हे ठरलेलं असेल, अर्धं-अर्धं केलं की दोघं भांडतात. गडद आणि उजळ यातलं अंतर कमी ठेवा, चित्राचा बहुतेक भाग फिका किंवा मधला, आणि खरा गडद फक्त एका जागी, थोडासा. कडा बहुतेक मऊ, एखादीच धारदार, ती तुमच्या आवडत्या जागेपाशी. आणि रिकामी जागा ठेवायला घाबरू नका. आकाश रिकामं दिसतंय म्हणून त्यात पक्ष्यांचे ते चार-चारचे आकडे काढायची सवय शाळेपासून लागलेली आहे, ती आज सोडा. दोन डोंगरांमधला सूर्य आणि नारळाचं झाडही सोडा, इथे समोर खजुरी आहे, कडुनिंब आहे, फेब्रुवारी-मार्चात पेटलेला पळस आहे, तो बघा.

एक गोष्ट फार जणांची निसटते. शांत आणि उदास यात फरक आहे. रिकामं, फिकट, आडवं, सगळं केलं आणि रंग फक्त थंड राखाडी वापरला तर चित्र स्मशानासारखं होतं. उपाय सोपा आहे, सगळ्याच्या खाली यलो ऑकरचा अगदी पातळ, जेमतेम दिसणारा थर द्या. वरच्या राखाडीतून ती ऊब जाणवत राहते. माझी पहिल्या काही वर्षांची चित्रं बघून आई म्हणायची "इतकं काय झालंय तुला", तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

५. छोटं टोन स्केच

पत्त्याएवढा चौकोन, ४बी पेन्सिल, फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला, गडद. झाडाची पानं नाहीत, फांद्या नाहीत, फक्त छटांचे तुकडे. पाच मिनिटं. असे दोन करा, दुसऱ्यात क्षितिज हलवून बघा.

हे लोक टाळतात, वेळ वाया जातो म्हणतात. पण पुढे रंग लावताना जी घालमेल होते, "इथे अजून गडद करू का, हे हलकं झालं का", ती सगळी या पाच मिनिटांत संपते. निर्णय कोरड्या कागदावर घ्यायचे, ओल्या कागदावर फक्त अंमलबजावणी.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे सावल्या तुमच्यासमोर बदलणार. सावल्या कुठे आहेत ते या स्केचमध्ये पक्कं करून टाका आणि नंतर खऱ्या सावल्या हलल्या तरी स्केचमधल्याच वापरा. सावल्यांच्या मागे पळणं हे चिडण्याचं फार मोठं कारण आहे.

६. मुख्य कागदावर पेन्सिल

हलक्या हाताने, क्षितिजाची रेघ, मोठ्या आकारांच्या सीमा, बस. आठ-दहा रेघांत काम व्हायला हवं. खोडरबर कमी, जास्त घासलं की कागदाचा पृष्ठभाग उसवतो आणि तिथे रंग डाग धरतो. पांढऱ्या ठेवायच्या जागांवर बारीक फुली करा, पाण्यावरची चमक, बगळा, जे असेल ते. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. नंतर पांढरा पोस्टर कलर लावून वाचवू असं म्हणू नका, तो खडूसारखा दिसतो.

७. ओलावा ओळखायला शिका

ही पायरी चित्राची नाही, पण इथेच ऐंशी टक्के चित्रं वाचतात किंवा मरतात असं मी अनुभवाने म्हणते. फालतू कागदावर एकदा करून बघा.

कागदाच्या चार अवस्था असतात. पहिली, पाणी चमकतंय, आरशासारखं. दुसरी, चमक आहे पण साटिनसारखी मंद. तिसरी, चमक गेली, पण हाताची मागची बाजू जवळ नेली की गार लागतं. चौथी, गारवाही गेला.

पहिल्या दोन अवस्थांत रंग सोडलात तर मऊ पसरतो, ढग, धुकं, लांबची झाडी यासाठी हीच वेळ. चौथीत रंग लावलात तर कडा धारदार येते. तिसरी अवस्था म्हणजे धोका. तिथे ओला ब्रश टेकवला की पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला ढकलत बाहेर नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो, तो जात नाही. आणि नेमकं तिसऱ्या अवस्थेतच सगळ्यांचे हात शिवशिवतात, कारण चित्र तेव्हा फिकं पडायला लागतं आणि वाटतं काहीतरी केलं पाहिजे. जलरंग वाळल्यावर फिका होतोच. लावताना थोडा जास्त दाट लावायचा आणि मग सोडून द्यायचा.

नियम: कागद ओला असेल तेव्हा ब्रश नेहमी कागदापेक्षा कोरडा असावा. आणि तिसऱ्या अवस्थेत हात मांडीवर.

वाळण्याचा वेळ इथल्या हवेवर आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात वॉश दोन-तीन मिनिटांत उडतो, तेव्हा कागद भरपूर ओला करून घ्या आणि स्प्रे हाताशी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा-अर्धा तास लागतो. थंडीच्या सकाळी दहा-पंधरा मिनिटं धरा. हेअर ड्रायरच्या नादी लागू नका, हा वाळण्याचा वेळच तर तुम्हाला हवा होता. तेवढ्या वेळात परत ते आकाश, परत ते आवाज. श्वास मोजायचा असेल तर मोजा, नसेल मोजायचा तर पाण्यावरची पाणकोंबडी बघा.

८. आकाश

बोर्डच्या वरच्या कडेखाली दगड किंवा पिशवी ठेवून थोडा उतार द्या. इंची ब्रशने आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने ओला करा, क्षितिजाच्या थोडं खालपर्यंत. रंग किती पातळ घ्यायचा ते मी स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते: आकाशाला ताकाचं वरचं पाणी, लांबच्या झाडीला ताक, मधल्याला दूध, जवळच्याला बासुंदी, शेवटच्या गडदला श्रीखंड. पुढे जाल तसं पाणी कमी, रंग जास्त. हा क्रम उलटा केलात, म्हणजे दाट रंगाच्या ओल्या थरावर पातळ टाकलात, तर डाग ठरलेला.

आधी क्षितिजाकडून ऑकरचा पातळ थर वर नेत संपवा, मग वरून अल्ट्रामरीन खाली आणत विरळ करा. मध्ये दोन्ही भेटतात तिथे घासू नका, हिरवट होतं. ढगाच्या पोटाला अल्ट्रामरीन-सिएनाची राखाडी, दोन-तीन स्पर्श. आकाश पाच मिनिटांत संपवायचं. सहाव्या मिनिटाला तुम्ही ते बिघडवत असता.

ब्रश खाली. पूर्ण, चौथी अवस्था येईपर्यंत थांबा. उठून दहा पावलं चाला हवं तर.

९. लांबून जवळ

लांबचं फिकं आणि निळसर, जवळचं गडद आणि गरम, कारण मध्ये जितकी हवा तितका निळा उजेड विखुरलेला. रालामंडलची टेकडी खरंतर तपकिरी-हिरवी आहे, पण लांबून बघा, निळी दिसते. डोक्याला माहीत असलेला रंग लावू नका, डोळ्याला दिसतोय तो लावा.

लांबची झाडी एकाच आकारात, एकाच ब्रशच्या फेऱ्यात. एकेक झाड काढायचं नाही. वरची कडा थोडी कोरड्या ब्रशने, खालची कडा पाण्याने विरघळवून टाका म्हणजे धुकं येतं. मग थांबा. मग मधला थर, काठाची झुडपं, शेत असेल तर शेत. कापणीनंतर नांगरलेली काळी माती काढायला काळ्या ट्यूबची गरज नाही, सिएना जास्त, अल्ट्रामरीन थोडा, आणि वाफसा असलेल्या जागी अल्ट्रामरीन वाढवा.

पाणी. यात तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुष्कळ. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभं, तिरकं कधीच नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित उजळ, आणि उजळ वस्तूचं किंचित गडद. आणि प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी ओल्यात टाकायचं, मग दुसऱ्या अवस्थेत, फडक्याला टिपून घेतलेल्या चपट्या ब्रशने एक-दोन आडव्या रेघा ओढून रंग उचलायचा. ती आडवी उजळ रेघ पडली की पाणी स्थिर झालेलं दिसतं. दोनच रेघा. सात ओढल्यात की तलाव धुणं धुतल्यासारखा दिसतो.

तपासा: इथे चित्र उचलून समोरच्या झाडाला टेकवा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा, डोळे बारीक करून. टोन स्केच बाजूला धरा. ते एक वाक्य, पाण्यावरचा उजेडाचा पट्टा किंवा जे असेल ते, अजून शिल्लक आहे का? असेल तर पुढचं काम थोडंच आहे. नसेल तर नवीन काही घालू नका, त्याच्या शेजारचा भाग एक छटा गडद करा, उजेड परत येतो.

मध्येच मन फार धावायला लागलं, चिडचिड झाली, तर तेव्हा रंग बदलू नका, ब्रश बदलू नका, पाणी बदला. दोन्ही डबे नेऊन, लांब, मातीत ओता आणि बाटलीतून नवीन भरा. तलावात अजिबात ओतायचं नाही. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ पासून रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, थंडीत तिथे पाहुणे पक्षी असतात, आणि काही रंगांत कॅडमियम-कोबाल्टसारखे धातू असतात. या उठण्या-बसण्यात पाच मिनिटं जातात आणि बहुतेक वेळा परत बसल्यावर लक्षात येतं की चित्रात बिघडलेलं काही नव्हतंच.

१०. शेवटचे गडद, आणि बारीक ब्रश

आता तो तळाशी ठेवलेला बारीक ब्रश. आधी काढला असता तर पहिल्या पंधरा मिनिटांतच गवताची काडी न काडी रंगवत बसला असता, म्हणून तळाशी.

श्रीखंडाइतका दाट रंग, कागद पूर्ण वाळलेला. जवळच्या खोडाची एक बाजू, दोन-तीन फांद्या, काठावरची एखादी होडी किंवा खुंट. मोजून दहा स्पर्श. खरंच मोजा, तोंडाने मोजा. दहा झाले की ब्रश धुवा. दहा स्पर्शांत कुठे काय महत्त्वाचं हे तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं, आणि त्यातच चित्र तुमचं होतं.

माणूस काढायचा असेल तर एकच, लांब, छोटा, डोकं अंगाच्या मानाने लहान. पाठमोरा असला तर बघणारा त्याच्या जागी जाऊन उभा राहतो.

११. थांबायचं कधी

"अजून थोडंसं" असं मनात आलं की तेव्हाच. एरवी याची खूण अशी, तुम्ही समोरचं न बघता फक्त कागदाकडे बघून काम करायला लागलात की चित्र पाच मिनिटांपूर्वीच संपलेलं आहे.

टेप काढा, कागद पूर्ण वाळल्यावर, कडेकडून बाहेरच्या बाजूला ओढत. गार असताना ओढलात तर कागद फाटतो.

चित्र लगेच कोणाला दाखवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंत की दिवसभर अंगठे मोजत बसाल आणि सकाळी जे काही मनात जमलं ते दुपारपर्यंत संपेल. कागदाच्या मागे तारीख, वेळ, हवा कशी होती आणि कोणते आवाज ऐकले ते दोन ओळींत लिहा. "भारी ऊन, टिटवी, दोन ट्रक" एवढं पुरे. तीन दिवस चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, चौथ्या दिवशी बघा. काढताना जे वाईट वाटलं होतं ते बऱ्याचदा ठीक असतं.

त्या काकू आता एकाच जागी जातात, सिरपूरचा तोच दगड, महिन्यातून एकदा, आणि तेच दृश्य काढतात. मलाही हेच पटतं. दर रविवारी नवीन जागा शोधणाऱ्यांची पहिली अर्धी ताकद जागा समजण्यात जाते. एक जागा वर्षभर धरा, पावसाळ्यातली, पोळ्याच्या सुमाराची, मकर संक्रांतीची, मे महिन्यातली आटलेली, बारा चित्रं. तेव्हा क्षितिज कुठे ठेवायचं याचा विचारच करावा लागत नाही, आणि बसल्या बसल्या डोळे आपोआप आकाशाकडे जातात.

१२. घरी आल्यावर

पॅलेटमधले उरलेले रंग फेकू नका, वाळू द्या, पुढच्या वेळी स्प्रेने भिजवले की चालतात. दोन-तीन रंगांचं मिश्रण असेल ते मात्र पुसून टाका. फडकी धुवून ठेवा. ब्रश साध्या साबणाने तळहातावर हलके घोळवून धुवायचे, टोक बोटांनी जुळवायचं आणि आडवे वाळवायचे. ओले ब्रश ग्लासात उभे ठेवले तर पाणी धातूच्या नळीत उतरतं, आतला गोंद सुटतो आणि महिन्याभरात केस गळायला लागतात.